दम लागतो तो हृदयामुळे की फुफ्फुसांमुळे?

अमळनेर तालुक्यातील एका मुलाने आपल्या आईविषयी विचारले आहे. आईचे वय ६३ आहे, रक्तदाब जुना असून गोळ्या कधी चालू तर कधी बंद असतात, आणि सारे आयुष्य चुलीपुढे गेले आहे. गेल्या वर्षभरात थोडे चालले तरी दम लागतो, रात्री झोपेतून उठून बसावे लागते आणि संध्याकाळपर्यंत पायांवर सूज येते. गावच्या डॉक्टरांनी दमा समजून वाफ (नेब्युलायझरमधून औषधाची) आणि इंजेक्शने दिली, त्याने दोन-चार दिवस बरे वाटले. पुढे जळगावला इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर हृदयाचे पंपिंग ३५ टक्के असल्याचे कळले आणि श्वासातून औषध ओढण्याचा पंप (इनहेलर) बंद करण्यास सांगण्यात आले. यातले खरे कोणते, पंपाची सवय लागते का, आणि घरी ऑक्सिजनचे मशीन घेऊन ठेवावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

माझे मत आधीच सांगतो. दोन्ही निदाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दिलेल्या माहितीवरून आपल्या आईंच्या बाबतीत तशी शक्यता बरीच आहे. इकोमध्ये दोष सापडला म्हणून फुफ्फुसे निरोगी ठरत नाहीत आणि छातीत शिट्टी ऐकू आली म्हणून तो दमाच असतो असे नाही. सध्या हृदयाच्या उपचाराला अग्रक्रम द्यावा, सूज आणि पाणी उतरल्यावर फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर कोणतेही औषध घरच्या घरी बंद करू नये.

निदानाचा बराचसा भाग यंत्रांपेक्षा रुग्णाच्या सांगण्यातून उलगडतो. ‘माले दम लागस’ एवढ्यावर न थांबता तो कधी लागतो, कशाने लागतो आणि काय केल्याने उतरतो, हे विचारावे लागते. हृदयाचा डावा कप्पा अशक्त झाला की फुफ्फुसांतून आलेले रक्त तो पुरेसे पुढे ढकलू शकत नाही. पुढचा पाट तुंबला की पाणी मागच्या वाफ्यात पसरते, तसा मागे फुफ्फुसांच्या शिरांमधला दाब वाढतो आणि रक्तातील पाणी हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये झिरपू लागते. माणूस आडवा झाला की पायांत आणि पोटात साठलेले पाव ते अर्धा लिटर रक्त छातीकडे परतते, त्यामुळे हा दाब आणखी वाढतो. म्हणून असा रुग्ण झोपल्यानंतर एक-दोन तासांनी घाबरून उठतो, खाटेच्या कडेला पाय सोडून बसतो, खिडकी उघडायला सांगतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्याला बरे वाटते. आधी एक उशी पुरत होती, आता दोन किंवा तीन लागतात, किंवा रुग्ण खुर्चीतच झोपू लागला आहे, ही माहिती माझ्या लेखी एखाद्या महागड्या तपासणीइतकी मोलाची आहे. अनेकदा ती रुग्णाकडून मिळतच नाही, सुनेकडून किंवा नातवाकडून मिळते, कारण रात्री आजीला बसलेले त्यांनी पाहिलेले असते.

फुफ्फुसांच्या जुनाट विकाराची, म्हणजे ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात त्याची, चाल निराळी असते. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. सकाळी उठल्यावर खोकला येतो, चिकट बेडका पडला की छाती मोकळी वाटते, आणि दम प्रामुख्याने श्रमाने लागतो. रात्री हा रुग्णही उठतो, पण खोकून बेडका काढल्यावर त्याला आराम पडतो, नुसते उठून बसल्याने तेवढा पडत नाही. असे रुग्ण नकळत ओठांचा चंबू करून श्वास सोडतात. त्याने श्वासनलिका थोडा अधिक वेळ उघड्या राहतात, आणि ही युक्ती त्यांना कोणी शिकवलेली नसते. दम्याचे लक्षण म्हणजे चढ-उतार: काही दिवस माणूस अगदी ठणठणीत असतो, मग धूळ, थंडी किंवा सर्दीचे निमित्त होते आणि पहाटे छाती भरते. दमा बहुधा लहानपणी किंवा तारुण्यात सुरू होतो. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘दमा’ झाला असे कोणी म्हटले, तर मी आधी हृदयाकडे पाहतो.

छातीतल्या शिट्टीने हमखास फसगत होते. फुफ्फुसांत पाणी झिरपले की श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्या अरुंद होतात आणि त्यांतूनही दम्यासारखीच शिट्टी वाजते. अशा वेळी वाफ दिली तर नलिका थोड्या रुंदावतात आणि रुग्णाला तात्पुरते बरे वाटते, परंतु वाफेतील सालब्युटामॉलने ठोके वाढतात आणि आधीच थकलेल्या हृदयावर भार पडतो. सोबत डेक्साचे, म्हणजे स्टिरॉइडचे, इंजेक्शन दिलेले असेल तर एक-दोन दिवस तरतरी येते आणि भूकही लागते, त्यामुळे गावात त्या इंजेक्शनाची ख्याती होते. मात्र स्टिरॉइड वारंवार घेतल्याने साखर आणि रक्तदाब वाढतो, आणि शरीरात मीठ-पाणी साठण्याची प्रवृत्ती बळावते, म्हणजे ज्या सूजेसाठी दवाखान्यात जायचे तीच पुढे वाढते. गावातील डॉक्टरांवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. मध्यरात्री दार ठोठावल्यावर उठणारे तेच असतात. परंतु एकाच रुग्णाला महिन्यात दुसऱ्यांदा वाफ द्यावी लागली, तर ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि इको झाल्याशिवाय तिसरी देऊ नये, असा नियम घरच्यांनीच पाळावा.

आता चुलीविषयी. सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, अशी समजूत अजून आहे. खानदेशातील ज्या पिढीने पऱ्हाट्या, तुराट्या आणि गवऱ्या जाळून तीस-चाळीस वर्षे भाकरी थापल्या, त्या पिढीतील विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांमध्ये हा आजार भरपूर आढळतो. बंद छपराखालच्या, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात धुराचे बारीक कण थेट फुफ्फुसांत उतरतात. आता घरोघरी गॅस आहे, पण हंड्याभर पाणी तापवायला, भरताची वांगी भाजायला आणि कळण्याच्या भाकरीला चूल पेटतेच. पुरुष हा धूर घेत नाहीत, म्हणून त्यांना तो दिसत नाही. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या छातीला कापसाच्या धुळीचा वेगळा त्रास असतो: सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरत जातो तसे कमी वाटते. कापूस आणि दम यांचा असा संबंध असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

फुफ्फुसांची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नळीत जोराने फुंकायचे असते. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचे प्रमाण नलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिले, तर नलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. औषधाने आकडा लक्षणीय सुधारला तर दम्याची बाजू बळकट होते. येथे एक बारकावा आहे. फुफ्फुसांत पाणी असताना ही तपासणी केली तर आकडे हृदयामुळेही बिघडतात, आणि मग नसलेला आजार कागदावर उमटतो. आईंची सूज उतरून वजन स्थिरावले की त्यानंतर काही आठवड्यांनी ती करावी. फुंकण्याचे तंत्र नीट समजावून सांगणारा तंत्रज्ञ असला तर अहवालाला अर्थ, नाहीतर नुसता कागद हाती येतो. यांसोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे), पोटॅशियम, साखर आणि थायरॉइड पाहावे, कारण केवळ रक्त कमी असल्यानेही दम लागतो आणि सूज येते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी व्हायलाच हवी; ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

पंपिंग ३५ टक्के या आकड्याने घरात रडारड होते, कारण ६५ टक्के हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ लावला जातो. तसा तो नाही. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग बाहेर फेकला जातो, ते प्रमाण म्हणजे हा आकडा, आणि निरोगी माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो. ३५ हा गंभीर आहे यात शंका नाही, पण औषधांनी तो अनेकांचा वाढतो. याउलट पंपिंग ६० असूनही हृदय ताठर झाल्यामुळे दम लागणारे रुग्ण असतात, विशेषतः जुना रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वयस्क स्त्रिया. इको नॉर्मल म्हणून त्यांना ‘टेन्शन’ म्हणत परत पाठवले जाते, याची मला नेहमी चीड येते.

पंपिंग कमी असताना आज चार गटांतील औषधे दिली जातात आणि त्यांच्या जोडीला पाणी काढण्याची लघवीची गोळी असते. लघवीच्या गोळीने दोन दिवसांत हलके वाटते. आयुष्य वाढवण्याचे काम मात्र त्या चार गटांचे, आणि त्यांचा परिणाम आठवड्यांनी दिसतो. लोक नेमके उलटे करतात: बरे वाटले की चारही बंद करतात आणि सूज आली की लघवीची गोळी मनाने वाढवतात. या चारांपैकी एक गोळी मुळात मधुमेहाची आहे. साखर नसताना ही का दिली म्हणून ती बंद करू नये, कारण हृदयासाठी तिचा स्वतंत्र उपयोग सिद्ध झालेला आहे. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा, ठसकेबाज खोकला लागतो आणि तो फुफ्फुसांचा समजून कफ सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात. गोळी बदलून दिली की तो थांबतो. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल ही औषधे सीओपीडी असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात, खऱ्या दम्यात मात्र जपून. आपल्याकडे हृदयाचे डॉक्टर पंप बंद करतात आणि छातीचे डॉक्टर मेटोप्रोलॉल बंद करतात, कारण रुग्ण एका दवाखान्याची फाइल दुसरीकडे दाखवत नाही. दोन्ही फाइली एकाच पिशवीत घेऊन जाव्यात.

पंपाची सवय लागत नाही. सालब्युटामॉलच्या पंपाची एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची असते, तर त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस फवारण्यांइतकी. गोळी पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातील औषध मोजके आणि थेट जागेवर पोहोचते. रोज पंप लागतो तो आजार रोजचा आहे म्हणून, जसा चष्मा लागतो तसा असे लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे. खरी अडचण तंत्राची असते. वयस्क हातांना पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकाच क्षणी साधत नाही, औषध जिभेवर बसते आणि मग ‘पंप लागू पडत नाही’ असे होते. स्पेसर नावाची नळी लावावी, श्वास सावकाश ओढून दहा सेकंद रोखावा आणि स्टिरॉइडचा पंप असल्यास नंतर चूळ भरावी. आईंचा पंप कोणता होता ते आपण लिहिलेले नाही. नुसते सालब्युटामॉल असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी ते थांबवण्यामागे कारण असू शकते, परंतु स्पायरोमेट्रीत सीओपीडी निघाल्यास दुसऱ्या प्रकारचा पंप सुरू करावा लागेल.

ऑक्सिजनच्या मशीनबाबत माझा सल्ला, आत्ता घेऊ नये. करोनाच्या २०२१ च्या लाटेनंतर अनेक घरांत अशी मशीन आली आणि दम लागला की ती लावण्याची पद्धत पडली. घरचा ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला मात्रा असते. आजार स्थिर असतानाही धमनीतील रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी पारा किंवा त्याहून कमी असेल (फुफ्फुसांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन सूज असेल तर ५९ पर्यंत), तरच तो दीर्घकाळ द्यायचा आणि तोही दिवसातून किमान १५ तास. अधूनमधून तासभर लावून आयुष्य वाढत नाही. सीओपीडीच्या रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, रुग्ण गुंगीत जातो, आणि ‘छान झोप लागली’ असे समजून घरचे निर्धास्त राहतात. म्हणून अशा रुग्णात बोटावरच्या मीटरचा आकडा ८८ ते ९२ दरम्यान ठेवतात, ९८ करण्याची खटपट करत नाहीत. चूल, विडी किंवा देवघरातील दिवा जवळ असताना ऑक्सिजन चालवणे तर आगीला आमंत्रण आहे. त्या मीटरविषयीही एक गोष्ट: बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, आणि हृदयविकाराचा झटका येत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. आकडा चांगला म्हणून रुग्ण चांगला, असे समजू नये.

घरात करण्याजोग्या गोष्टींत पहिली मिठाची. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. भाजीतले मीठ कमी केले तरी ताटाच्या कडेला पापड, बिबडे, लोणचे आणि ठेचा असतोच, आणि पापडखारातही सोडियम असते, हे उन्हाळ्यात वाळवण घालणाऱ्या बायकांनाही सहसा ठाऊक नसते. सैंधवाने काही साधत नाही, तेही मीठच. बाजारातील ‘कमी सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरते, म्हणून ते विचारल्याशिवाय आणू नये. दुसरी गोष्ट गुडघेदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची भावंडे शरीरात पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर घाला घालतात. आटोक्यात आलेली रुग्ण पुन्हा फुगून येते, तेव्हा मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी पिशवीत सापडते, असे मी किती तरी वेळा पाहिले आहे. तिसरी, रोज सकाळी शौचानंतर, चहापूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे पाणी साठते आहे, आणि दम वाढण्याच्या आधी ते काट्यावर दिसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत घामाने पाणी जाते आणि तीच लघवीची गोळी जड पडून चक्कर येऊ शकते. उन्हाळा लागताना मात्रा एकदा तपासून घ्यावी. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी, ती दोन्ही आजारांत उपयोगी आहे.

सातपुड्याकडच्या वाचकांसाठी एक टीप मध्येच द्यावीशी वाटते. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या तरुणाला ताप, छातीत दुखणे आणि दम एकत्र सुरू झाले तर तो साधा न्यूमोनिया समजून घरी ठेवू नये, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. आणि गरोदरपणात पहिल्यांदाच दम लागू लागलेल्या मुलीचे इको करावे. लहानपणीच्या घसादुखीनंतर आकसलेली हृदयाची झडप अनेकदा त्या वेळीच उघडकीस येते.

आईंना अचानक त्रास वाढला तर त्यांना आडवे करू नये, पाय खाली सोडून बसवावे, चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, गुलाबी फेसाळ थुंकी पडणे, गुंगी येणे, गार घाम सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेही व्यक्तींना आणि स्त्रियांना पुष्कळदा हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतच नाही; नुसता दम, घाम आणि पोटाच्या वरच्या भागात जडपणा असतो, आणि त्यावर सोडा पाजून तासन्‌तास घालवले जातात. जळगाव किंवा धुळे गाठायला वेळ लागणार असेल तर वाटेतल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो तेथे आधी थांबावे, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा भाग वाचतो. तो ईसीजी कोठे रात्रीही निघतो, याची चौकशी आजच करून ठेवावी.

पुढच्या भेटीला जाताना इकोचा अहवाल, चालू-बंद सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, वजनाची वही आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत, आणि डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: पंपिंग कमी होण्याचे कारण रक्तवाहिन्यांतील अडथळा आहे का व त्यासाठी अँजिओग्राफी लागेल का, स्पायरोमेट्री कधी करायची, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमची पुढची तपासणी कोणत्या तारखेला.